बेटांचे वय वाचणारी सहल : मॉरिशस ते रियुनियन

माणसाचे वय त्याच्या चेहऱ्यावरून साधारणपणे सांगता येते. बेटाचे वय सांगता येईल का? प्रयोगशाळेत खडकाचे वय काढता येते हे खरे, पण नुसत्या डोळ्यांनी बेट पाहून काही अंदाज बांधता येईल का? हिंदी महासागरातील मॉरिशस आणि रियुनियन ही दोन बेटे पाहिली, तर या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे द्यावे लागते. दोन्ही बेटे उष्ण कटिबंधात आहेत, दोन्ही ज्वालामुखींनी घडवली आहेत आणि दोहोंमधले अंतर आहे अवघे सव्वादोनशे किलोमीटर. मॉरिशसचे सर्वात जुने उघडे खडक सुमारे ९० लाख वर्षांचे आहेत. रियुनियन समुद्राबाहेर आले ते वीस-तीस लाख वर्षांपूर्वी. तिथला एक ज्वालामुखी आजही जागा आहे.

पर्यटन संस्थांच्या सहलींत ही दोन्ही बेटे पुष्कळदा एकत्र असतात. पर्यटक समुद्रकिनारे, धबधबे आणि 'सात रंगांची माती' पाहतात. तेच सर्व आपणही पाहू या, पण सहा दिवसांत, मार्गदर्शकाला थोडे वेगळे प्रश्न विचारत आणि वयाचा क्रम लक्षात ठेवून.

कागद आणि पेन

निघण्यापूर्वी एक छोटा प्रयोग. टेबलावर कागद ठेवा. पेन एका जागी स्थिर धरून कागदावर ठिपका काढा. पेन उचला, कागद थोडा पुढे सरकवा आणि पेनाची जागा न बदलता पुन्हा ठिपका काढा. असे पाच-सहा वेळा केले की ठिपक्यांची रांग तयार होते. पेनाखालचा ठिपका सर्वात नवा, दूर गेलेला सर्वात जुना.

पृथ्वीच्या कवचाचे भूपट्ट या कागदासारखे सरकत असतात. त्यांच्या खाली, प्रावरणात, काही ठिकाणी नेहमीपेक्षा जास्त तापलेला भाग असतो. त्याला तप्तस्थान म्हणतात. तेथील शिलारस कवच फोडून वर येतो आणि ज्वालामुखी तयार होतो. भूपट्ट पुढे सरकला की तो ज्वालामुखी आपल्या मुळापासून तुटतो आणि विझतो. तप्तस्थानावर नवा ज्वालामुखी उभा राहतो. आपल्या सहलीत रियुनियन हा पेनाखालचा ठिपका आहे आणि मॉरिशस हा पुढे सरकलेला.

विद्यार्थ्यांकडून एक भागाकार करून घ्यावा. सव्वादोनशे किलोमीटर सरकायला ९० लाख वर्षे, म्हणजे वर्षाला किती? उत्तर येते सुमारे अडीच सेंटिमीटर. हिशेब ढोबळ आहे, पण वेगाची कल्पना त्यातून येते. आपली नखेही साधारण याच गतीने वाढतात.

पहिला आणि दुसरा दिवस : उतारवयातले बेट

मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईमध्ये उभे राहिले की पाठीशी दातेरी डोंगरांची रांग दिसते. सुमारे ८०० मीटर उंचीची ही शिखरे वेगवेगळे ज्वालामुखी नव्हेत. एकेकाळी येथे एकच विशाल, ढालीच्या आकाराचा ज्वालामुखी होता. त्याचा मधला भाग खचला व झिजला. उरलेल्या कडांचे तुकडे म्हणजे आजचे हे डोंगर. मोडलेल्या परातीच्या काठांवरून परातीचा घेर ओळखावा तसा मूळ पर्वत नकाशावर ओळखता येतो. आज बेटावरचे सर्वोच्च शिखर ८२८ मीटरच आहे.

मधल्या पठारावर क्युरपीप या गावाजवळ 'त्रू ओ सेर' नावाचे विवर आहे. वाटीसारखे गोल, काठापासून तळापर्यंत झाडांनी भरलेले. हे त्या मूळ पर्वताचे मुख नव्हे. मूळ ज्वालामुखी थंडावल्यावर मॉरिशसवर दोनदा पुन्हा उद्रेकांचे पर्व आले. त्यांपैकी शेवटच्या, गेल्या दहा लाख वर्षांतल्या पर्वातले हे विवर आहे.

दुसरा दिवस किनाऱ्याचा. बेटाला जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळांची भिंत आहे. लाटा दूर त्या भिंतीवर फुटतात आणि आत उथळ, शांत, हिरवट-निळे पाणी राहते. प्रवाळांना उबदार, उथळ व उजेड पोहोचणारे पाणी लागते. भिंत उभारायला त्यांना पुष्कळ काळही लागतो. जुन्या, झिजलेल्या बेटाभोवती असा उथळ ओटा तयार झालेला असतो. म्हणून रुंद प्रवाळभिंत ही बेटाच्या वयाची एक खूण समजावी.

या बेटावरच्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. शेते साफ करताना वेचलेला हा बेसॉल्ट आहे. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून भारतातून येथे लाखो माणसे आणली गेली. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही ती आली. त्यांच्यात कोकणातले मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. घरी ज्या काळ्या दगडावर ते वाढले, तसलाच दगड त्यांनी परक्या शेतातून उपसला. हा योगायोग आहे का? या प्रश्नाकडे आपण शेवटी वळू.

तिसरा दिवस : रंगीत माती

नैर्ऋत्येकडे शामारेल येथे तांबड्या, तपकिरी, जांभळट मातीच्या उघड्या टेकड्या आहेत. 'सात रंगांची माती' ती हीच. एकाच काळ्या बेसॉल्टची ही माती झाली आहे. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांमुळे खडकातले सिलिका व इतर विरघळणारे घटक वाहून जातात, तर लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात. त्यांच्या कमीअधिक प्रमाणामुळे रंग बदलतात. कोकणातला जांभा दगड अशाच क्रियेतून बनला आहे, हे विद्यार्थ्यांना सहज पटेल. एवढी खोल कुजलेली जमीन ही वयाची दुसरी खूण.

जवळच समुद्रात घुसलेला ५५६ मीटर उंचीचा 'ल मॉर्न' हा कातळ आहे. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांनी त्याच्या कड्यांचा आसरा घेतला होता. २००८ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला.

चौथा दिवस : अर्धा झिजलेला पर्वत

आता रियुनियन. हा फ्रान्सचा भाग आहे. विमानातूनच फरक जाणवतो. मॉरिशस पसरट दिसते, रियुनियन समुद्रातून सरळ वर चढलेले. 'पितों दे नेज' हे शिखर ३,०७१ मीटरचे आहे. शिवाय समुद्रतळ सुमारे चार हजार मीटर खाली आहे. म्हणजे हा पर्वत तळापासून सात हजार मीटर उंच झाला, आणि त्याच्या घनफळाचा सुमारे ३ टक्के भागच पाण्याबाहेर आहे! प्रवाळभिंत मात्र पश्चिम किनाऱ्यावर थोड्या लांबीची आहे. उतार इतका तीव्र, की उथळ ओटा फारसा नाहीच.

पितों दे नेज सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी शांत झाला. तोपर्यंत पावसाने त्याला पोखरायला सुरुवात केलीच होती. शिखराभोवती सालाझी, सिलाओस आणि माफात नावाची तीन प्रचंड कुंडे आहेत. ती स्फोटाची विवरे नव्हेत, कडे कोसळून आणि नद्यांनी कोरून ती तयार झाली आहेत. माफातमध्ये आजही मोटारीचा रस्ता नाही. तेथे वस्ती करून राहणारे लोक पायी किंवा हेलिकॉप्टरने ये-जा करतात.

पाऊस तरी किती? ७ व ८ जानेवारी १९६६ रोजी या बेटावरील फॉक-फॉक येथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. २४ तासांतल्या पावसाचा हा जागतिक उच्चांक आहे. तुलनेसाठी, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. आग्नेयेकडून येणारे बाष्पयुक्त वारे या उंच भिंतीवर अडतात. म्हणून बेटाची पूर्व बाजू ओलीचिंब आणि पश्चिम बाजू कोरडी. ज्वालामुखी बांधतो आणि पाऊस मोडतो. बांधणारा थांबला की मोडणाऱ्याचेच राज्य.

पाचवा दिवस : जागा ज्वालामुखी

बेटाच्या आग्नेयेला २,६३२ मीटर उंचीचा 'पितों द ला फुर्नेज' आहे. सतराव्या शतकापासून त्याच्या दीडशेहून अधिक उद्रेकांची नोंद आहे. पाहणारे 'पा द बेलकोंब' या कड्यावर येतात. समोर सुमारे आठ किलोमीटर रुंदीचे, समुद्राच्या बाजूने उघडे असलेले महाकुंड आणि त्यात शंकू. कुंडात उतरायचे तर आखून दिलेल्या, पांढऱ्या खुणांच्या पायवाटेनेच. उद्रेकाची शक्यता दिसली की फाटक बंद होते.

या शिस्तीमागे अनुभव आहे. एप्रिल १९७७ मध्ये लाव्हा नेहमीच्या कुंडाबाहेर फुटला व पितों सेंत रोझ या गावात शिरला. घरे गेली. तेथील चर्चला वेढा घालून लाव्हा दाराशीच थिजला. त्यानंतर वेधशाळा उभारण्यात आली. शिलारस वर चढू लागला की लहान लहान भूकंप होतात, डोंगर किंचित फुगतो. ही लक्षणे उपकरणे टिपतात. एप्रिल २००७ मध्ये या ज्वालामुखीतून इतका लाव्हा बाहेर पडला, की खालचा साठा रिकामा होऊन शिखरावरच्या विवराचा तळ तीनशे मीटरहून अधिक खचला.

येथील लाव्हा पातळ व वाहता आहे. म्हणून तो पसरतो आणि ढालीसारखा पर्वत होतो. त्याची दोन रूपे पायवाटेवरच दिसतात : दोरखंडाच्या वळ्यांसारखा गुळगुळीत 'पाहोएहोए', आणि खडबडीत, बूट फाडणारा 'आ'. नावे हवाई बेटांवरची आहेत, पण जगभर तीच वापरतात.

सहावा दिवस : सनांच्या पाट्या

शेवटचा दिवस सर्वांत शिकवणारा. पूर्व किनाऱ्याचा रस्ता एकामागून एक लाव्हाप्रवाह ओलांडत जातो. रस्त्याकडेला प्रवाहाचा सन लिहिलेल्या पाट्या आहेत. ताज्या प्रवाहावर राखाडी दगडफूल, त्याहून जुन्यावर नेचे, आणखी जुन्यावर झुडपे, मग झाडे. जंगल कसे तयार होते हे पाहायला शंभर वर्षे थांबावे लागत नाही, काही किलोमीटर चालले की पुरते.

मात्र या क्रमात एक खंड आहे. माणूस सतराव्या शतकात रियुनियनवर वसला. त्यापूर्वीच्या प्रवाहांवर मोठी, गरदार फळे देणारी स्थानिक झाडे आहेत. त्यानंतरच्या प्रवाहांवर ती फारशी रुजलेलीच नाहीत. ही फळे खाऊन बिया दूर नेणारी मोठी कासवे, फळे खाणारी वटवाघळे व पक्षी मधल्या काळात नाहीसे झाले. शेजारच्या मॉरिशसवरचा डोडो याच काळात संपला. लाव्हा पूर्वीसारखाच येतो, पाऊसही पडतो, पण जंगल पूर्वीचे उगवत नाही. एक प्राणी संपतो तेव्हा तो एकटाच संपत नाही, याचा पुरावा येथे रस्त्याकडेला मांडून ठेवला आहे.

रांगेचे दुसरे टोक

मॉरिशसच्या आधीचे ठिपके कुठे आहेत? १९८७ मध्ये सागरतळ खोदणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय मोहिमेने ते शोधले. मॉरिशसच्या उत्तरेकडील बुडालेल्या पठारावरचा बेसॉल्ट सुमारे ३ कोटी ३० लाख वर्षांचा निघाला, छागोसजवळचा ४ कोटी ९० लाख, मालदीवजवळचा ५ कोटी ७० लाख. पुढे लक्षद्वीप, आणि त्यापुढे ६ कोटी ६० लाख वर्षांचा दख्खनचा बेसॉल्ट! रियुनियनपासून मुंबई सुमारे ४,८०० किलोमीटर दूर आहे. मालदीव व लक्षद्वीप ही बेटाच्या आयुष्याची अखेरची अवस्था दाखवतात. ज्वालामुखी पाण्याखाली बुडाला आणि त्याच्या माथ्यावर प्रवाळांची कंकणद्वीपे तेवढी उरली.

एक अडचण राहते. छागोस भारतीय भूपट्टावर आहे, मॉरिशस आफ्रिकी. दोहोंमधली सीमा सरकत तप्तस्थानावरून गेली, त्यामुळे नंतरचे ठिपके दुसऱ्या भूपट्टावर पडले. प्रयोगातल्या कागदाशेजारी दुसरा कागद ठेवून हे दाखवता येईल.

सर्वच भूवैज्ञानिकांना ही मांडणी मान्य नाही. कवचातल्या जुन्या भेगांनी ज्वालामुखींना वाट दिली असे काही म्हणतात. शिवाय २०१७ मध्ये मॉरिशसच्या खडकात झिरकॉनचे सुमारे ३०० कोटी वर्षांचे कण सापडले. त्यापूर्वी २०१३ मध्ये असे प्राचीन कण वाळूत मिळाले होते, पण वाळू बाहेरून आली असेल अशी शंका होती. खडकातल्या कणांनी ती दूर केली. तरुण बेटाखाली एखाद्या प्राचीन भूखंडाचा तुकडा दडला असावा, आणि वर येताना लाव्हाने हे कण उचलले असावेत. बेटाचा चेहरा त्याचे वय सांगतो, पण सगळा इतिहास सांगत नाही.

वर्गासाठी

१. मुंबईपासून मालदीवजवळच्या विवरापर्यंत अंतर सुमारे १,५५० किलोमीटर आणि वयातला फरक ९० लाख वर्षे आहे. त्या काळी भारत वर्षाला किती सेंटिमीटर सरकत होता? मॉरिशसच्या उत्तराशी तुलना करा.

२. आपल्या गावाजवळच्या खाणीत किंवा घाटात लाव्हाचे थर मोजा. दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो का? तो दिसल्यास दोन प्रवाहांच्या दरम्यान काय घडले असेल?

३. एखादी पडीक भिंत, जुनी खाण आणि नवी खाण यांवरच्या वनस्पतींची यादी करा. वयाप्रमाणे क्रम लागतो का? क्रमातून कोणती झाडे गायब आहेत, आणि त्यांच्या बिया कोण वाहून नेत असे?