कठीण ऋतूतील बांबू : ठाणे जिल्ह्यासाठी जातींची निवड

बांबू ही केवळ उष्ण प्रदेशातील वनस्पती आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. उत्तराखंड व हिमाचल प्रदेशात समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार ते तीन हजार मीटर उंचीवर ‘रिंगाळ’ नावाचे बारीक बांबू वाढतात. हिवाळ्यात वरच्या पट्ट्यातील बेटे बर्फाखाली दबतात, आणि तेथील कारागीर याच बांबूच्या कामट्यांपासून टोपल्या व सुपे विणतात. चीन व जपानमधील ‘मोसो’ हा उंच बांबू शून्याखाली पंधरा अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सहज सोसतो. मध्य चीनच्या पर्वतांत पांडा ज्यांवर जगतो, त्या फार्जेसिया गटातील काही जाती तर याहूनही काटक आहेत.

ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात या माहितीचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. येथे दहिवर पडते, हिम पडत नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ किंवा निफाडच्या द्राक्षमळ्यांत एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात. उल्हास आणि काळू नद्यांच्या खोऱ्यांत तसे होत नाही. तथापि थंड प्रदेशात बांबू कसा मरतो आणि कसा तगतो हे समजून घेतले, तर आपल्याकडे दर मे महिन्यात वाळणाऱ्या रोपांचे कारणही कळते.

थंडीतील तहान

बहुतेक बांबू हिवाळ्यातही पाने राखून असतात. ऊन पडले व कोरडा वारा सुटला की पानांतून पाणी उडून जाते. त्याच वेळी जमीन गोठलेली असेल, तर मुळांना पाणी शोषता येत नाही. अतितीव्र थंडीने पेशी फुटून नुकसान होते हे खरे. पण पुष्कळदा बांबू गारठून नव्हे, तर तहानेने वाळतो. म्हणूनच थंड देशांतील बागाईतदार शरद ऋतूत बेटाभोवती पालापाचोळ्याचा जाड थर पसरतात, जमीन गोठण्यापूर्वी तिला पाणी देतात आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा करतात. वरचे वासे वाळले तरी जमिनीतील कंद जिवंत राहिला, की पुढील हंगामात नवे कोंब येतात.

ठाणे जिल्ह्यात पावसाळ्याचे चार महिने भरपूर पाणी आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे, अशी स्थिती आहे. शहापूर-मुरबाडच्या वरकस जमिनीत मातीचा थर पातळ, खाली कातळ. जून ते सप्टेंबरमध्ये पडलेले पाणी डोंगरउतारावरून वाहून जाते. फाल्गुनानंतर तेथील रोपाची अवस्था गोठलेल्या जमिनीतील रोपासारखीच होते : वर पाने पाणी मागतात आणि खाली मुळांना ते मिळत नाही.

कोंब केव्हा येतात

जातीच्या निवडीत थंडी किती अंशांपर्यंत सोसते, एवढाच आकडा पाहणे पुरेसे नाही. कोंब कोणत्या ऋतूत येतात, हे त्याहून महत्त्वाचे आहे. बांबूचा वासा जमिनीतून जेवढ्या जाडीचा निघतो तेवढाच जाड राहतो, आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. या थोड्या काळात त्याला भरपूर पाणी व कंदात साठलेले अन्न लागते. मोसोसारख्या थंड प्रदेशातील बांबूचे कोंब वसंत ऋतूत, बर्फ वितळून जमीन ओली असताना निघतात. कोकणातील बांबूचे कोंब मृगाच्या सरींनंतर निघतात. जिल्ह्यातील आदिवासी वस्त्यांत त्यांना ‘वास्ते’ म्हणतात आणि कडवट व विषारी अंश काढून टाकण्यासाठी उकळून, पाणी फेकून मग त्यांची भाजी करतात.

हे वेळापत्रक उलटे केले तर काय होईल, याचा अंदाज करणे कठीण नाही. मोसो मुरबाडला आणला, तर त्याची कोंबांची वेळ चैत्र-वैशाखात, विहिरी तळाला गेलेल्या असताना येईल. शिवाय थंड प्रदेशातील अनेक बांबूंचे कंद जमिनीखाली लांबवर धावतात आणि दूरवर नवे वासे काढतात. डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत, इमारतीच्या कुंपणालगत असा धावता बांबू हौसेने लावणे म्हणजे शेजाऱ्याशी वाद ओढवून घेणे होय. कोकणातील बांबू बेट करून एका जागी राहतात.

जिल्ह्याला साजेशा जाती

या जिल्ह्याच्या दृष्टीने तीन जातींचा विचार प्रामुख्याने करावा लागेल. पहिली मानवेल, म्हणजे शास्त्रीय परिभाषेत डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. हा बांबू शिवालिकच्या पायथ्यापासून दख्खनपर्यंत आढळतो. हलके हिम आणि चाळीस अंशांवरील ऊन दोन्ही तो सोसतो. कोरड्या, खडकाळ उतारावर त्याचे वासे बारीक पण भरीव होतात. राज्यात जेथे हिवाळा खरोखर कडक असतो, त्या भागांतही हीच जात अधिक भरवशाची. दुसरी काटेरी कळक. तिला ओलावा लागतो. ओढ्याकाठी व नदीकाठी ती माती धरून ठेवते, परंतु काट्यांमुळे तोडणीची मजुरी वाढते. तिसरा माणगा. दक्षिण कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला हा बांबू बिनकाट्यांचा, सरळ व जवळजवळ भरीव असतो. त्याला बी क्वचितच धरते, म्हणून लागवड कंद किंवा कलमांपासून करावी लागते. घराजवळच्या, थोडे पाणी देता येईल अशा बांधावर माणगा आणि दूरच्या वरकस जमिनीवर मानवेल, ही वाटणी बहुतेक गावांना मानवेल.

पहिले दोन उन्हाळे

लागवडीसाठी साठ सेंटीमीटर लांब, रुंद व खोल खड्डे उन्हाळ्यातच घेऊन पाऊस स्थिरावताच रोपे लावावीत. पाच मीटर अंतराने हेक्टरी ४०० रोपे बसतात. एवढे काम बहुतेक ठिकाणी नीट होते. जुलैत लावलेल्या रोपांची संख्या अहवालात येते. पुढील मे महिन्यात जिवंत किती राहिली, हा रकाना मात्र पुष्कळदा कोराच असतो. खरी कसोटी तेथेच आहे.

थंड देशांतील आच्छादनाची रीत येथे दसऱ्यानंतर लगेच, जमिनीत ओल असतानाच अमलात आणावी. उतारावर रोपाच्या वरच्या अंगाला अर्धचंद्राकृती चर काढून माती खालच्या बाजूला घालावी. आच्छादनाच्या बाबतीत या जिल्ह्यात एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची पद्धत येथे जुनी आहे. त्यासाठी पालापाचोळा गोळा होतो, आणि राबाची आग कधी शेजारच्या रानात शिरते. बांबूखालचा पाला हा राबाचा नव्हे, असे ग्रामसभेने लागवडीपूर्वीच ठरवावे व लागवडीभोवती जाळरेषा काढावी. कारण जाड आच्छादन हेच वणव्याला उत्तम जळण ठरते. भातकापणीनंतर गुरे मोकळी सुटतात, हेही लागवडीची जागा ठरविताना ध्यानात घ्यावे.

तोडणी, कायदा आणि फुलोरा

चौथ्या-पाचव्या वर्षापासून तोडणी सुरू होते. तीन वर्षांवरील वासेच तोडावेत. एक-दोन वर्षांचे वासे नव्या कोंबांना अन्न पुरवितात. पावसाळ्यात तोड करू नये. कल्याण, डोंबिवली व ठाणे येथे मंडप, आकाशकंदील, गुढीची काठी आणि बुरुडांचे काम यांसाठी मागणी आहे. उंच इमारतींच्या परांचीत मात्र लोखंडाने बांबूची जागा बरीच घेतली आहे.

वनक्षेत्राबाहेर वाढविलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. वनक्षेत्रातील बांबूस २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज मानले असून, हक्क मान्य झालेल्या ग्रामसभांना तो गोळा करून विकता येतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये हा अधिकार प्रत्यक्षात आणला.

एका गोष्टीची नोंद प्रत्येक ग्रामपंचायतीने ठेवणे अगत्याचे आहे. अनेक जातींचे बांबू दीर्घ काळाने एकदाच, सामुदायिकरीत्या फुलतात आणि बी देऊन मरतात. जपानमधील ‘मादाके’ सुमारे १२० वर्षांनी फुलतो. मिझोराममधील बांबू अठ्ठेचाळीस-एक वर्षांनी फुलतो. १९५९ मध्ये त्याच्या बियांवर उंदीर माजून तेथे दुष्काळ पडला, आणि २००६ ते २००८ या काळात तो पुन्हा फुलला. एकाच ठिकाणच्या एकाच वेळच्या बियांची रोपे साधारणतः एकाच सुमारास फुलतात. म्हणून गावातील सर्व मानवेल एकाच रोपवाटिकेतून न घेता निरनिराळ्या ठिकाणच्या बियांपासूनची घ्यावी, आणि बी कोठले व लागवडीचे वर्ष कोणते हे पंचायतीच्या नोंदवहीत लिहून ठेवावे. शाळेच्या आवारात बेट असेल तर तेथेही अशी पाटी लावता येईल.