डोक्याचा लॉग फक्त एरर दाखवतो तेव्हा

आजचा विषय वाचून काही जण लगेच स्क्रोल करतील, कारण विषय आहे कृतज्ञता. मीही केलं असतं. ‘जे आहे त्याबद्दल आभार मान’ हे मला सगळ्यात जास्त ऐकवलं गेलं ते माझी नोकरी गेली तेव्हा, आणि ऐकून फक्त राग यायचा. म्हणून आज नीट समजून घेऊया, की ही कृतज्ञता कठीण दिवसांत नक्की काय करते आणि काय करत नाही.

आधी माझी गोष्ट. 3 वर्षांपूर्वी मी हिंजवडीत एका कंपनीत होतो. सकाळी साडेदहाला व्हिडिओ कॉल आला, अकराला लॅपटॉपचा अ‍ॅक्सेस बंद. बीटेकचं कर्ज अजून फिटायचं होतं. घरी सांगायला मला 9 दिवस लागले. आईचा फोन आला की ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवून द्यायचो. पुढची नोकरी लागायला 4 महिने गेले.

त्या 4 महिन्यांत मला काय दिसत होतं? रिजेक्शनचे ईमेल, बँकेचा मेसेज, मित्रांच्या प्रमोशनच्या पोस्ट. बस्स.

आता जरा माझ्या धंद्यातलं सांगतो. प्रोग्रॅम चालताना काय काय घडलं याची जी नोंद होते, तिला आम्ही लॉग म्हणतो. त्याची पातळी ठरवता येते. ‘एरर’वर ठेवली तर फक्त बिघाड नोंदले जातात, ‘इन्फो’वर ठेवली तर नीट पार पडलेली कामंसुद्धा. एररवर ठेवलेला लॉग खोटं बोलत नाही हां. पण नुसता तोच वाचला तर वाटतं, ही सिस्टीम कधी चाललीच नाही.

आपलं डोकं मुळातच एररकडे झुकलेलं असतं. यात आपला दोष नाही. धोका लवकर ओळखणारा माणूस जगला, त्यामुळे वाईट गोष्ट आपल्याला चांगल्या गोष्टीपेक्षा जास्त लागते आणि जास्त काळ लक्षात राहते. कृतज्ञता म्हणजे ही पातळी मुद्दाम बदलणं. एरर पुसायचे नाहीत, बाकीच्या नोंदीही चालू करायच्या.

याचा अभ्यासही झालाय. 2003 मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांचे गट केले. एका गटाने 10 आठवडे, दर आठवड्याला, आभार मानावेत अशा 5 पर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्याने कटकटी लिहिल्या. पहिला गट आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा आणखी एक प्रयोग. त्यात स्नायू आणि नसांचे आजार असलेली माणसं होती. त्यांनी 21 दिवस रोज अशी नोंद ठेवली. त्यांचा आजार गेला नाही. पण मन जास्त प्रसन्न राहिलं आणि झोपही बरी लागली.

आता खरं सांगायचं तर ही जादू नाही. नंतरच्या तपासण्यांमध्ये परिणाम माफकच दिसला. डिप्रेशन असेल तर डॉक्टरकडेच जायचं, वहीकडे नाही.

आणखी एक गल्लत आपण फार करतो. ‘तुझ्यापेक्षा वाईट हालत असलेले लोक आहेत, त्यांच्याकडे बघ.’ ही कृतज्ञता नाही, तुलना आहे. दुसऱ्याचं दुःख आपल्या समाधानासाठी वापरायचं, यात कसले आलेत आभार? आणि नोकरी गेली हे चांगलं झालं, असंही मी म्हणणार नाही. ते वाईटच झालं होतं.

मग माझ्या इन्फो लॉगमध्ये काय होतं? मेसच्या काकू. 2 महिने त्यांनी डब्याचे पैसे घेतले नाहीत. मी विषय काढला की म्हणायच्या, “नोकरी लागू दे, मग बघू. आधी जेव.” रूममेट, ज्याने माझ्या वाटणीचं लाइट बिल न सांगता भरलं. आणि कॉलेजचा एक मित्र, जो दिवसभर काम करून रात्री अकरा ते साडेबारा माझे मॉक इंटरव्ह्यू घ्यायचा. हे सगळं तेव्हाही घडत होतं. माझ्याकडे नोंद नव्हती, एवढंच.

इथे मला माझी चूक सांगायची आहे. नोकरी लागल्यावर काकूंचे पैसे दिले, पेढेही दिले. पण त्या मित्राला मी कळवलंच नाही. आज करू, उद्या करू. 5 महिन्यांनी भेटलो तेव्हा तो हसतच म्हणाला, “तुझं झालं ते मला लिंक्डइनवर कळलं रे.” तो हसला, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा कळलं की कृतज्ञता नुसती मनात ठेवण्याची भावना नाही. ती पोचवावी लागते. मार्टिन सेलिगमन यांच्या 2005 च्या अभ्यासात लोकांनी आभाराचं पत्र लिहून ते स्वतः नेऊन दिलं. त्यांचा आनंद लगेच वाढला, पण साधारण महिनाभरच टिकला. ज्यांनी आठवडाभर रोज 3 चांगल्या गोष्टी आणि त्या ‘का’ घडल्या हे लिहिलं, त्यांच्यात फरक 6 महिन्यांनीही दिसला.

त्या ‘का’मध्येच सगळं आहे, असं मला वाटतं. ‘आज जेवण मिळालं’ इथे थांबलात तर ते नशीब. ‘का मिळालं’ विचारलंत की समोर काकू येतात. माणूस दिसला की आपल्यावर काहीतरी देणं लागतं. ते देणं आपण फेडतो की विसरतो, तिथे आपला स्वभाव घडतो.

मागच्या महिन्यात कॉलेजच्या एका ज्युनिअरचा मेसेज आला: “दादा, लेऑफ झालाय, थोडं गाइड कराल का?” बोटं आपोआप ‘बिझी आहे’ टाइप करायला निघाली होती. मग रात्रीचे अकरा आठवले. आता आठवड्यातून 2 रात्री आम्ही बसतो.

आज झोपण्याआधी फोनच्या नोट्समध्ये 3 ओळी लिहून बघा: काय नीट झालं, आणि कोणामुळे. त्यातल्या एकाला तरी कळवा. लिंक्डइनवरून त्याला कळायच्या आधी.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!