लिव्हर आधीच थकलेलं असताना करोना झाला तर

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत सातारा जिल्ह्यात दुसरी लाट शिगेला पोहोचली, तेव्हा कोरेगावातल्या कितीतरी घरांत ऑक्सिमीटर आला. बोटाला लावला की फुफ्फुसाचा अंदाज यायचा. लिव्हरची खबर देणारं असं घरगुती यंत्र मात्र नाही. म्हणून ज्यांचं यकृत आधीच आजारी आहे, त्यांच्या शरीरात नेमकं काय घडतं हे समजून घ्यायला हवं.

पहिली गोष्ट: ‘लिव्हरचा त्रास’ हा एकच आजार नव्हे. धोका ठरतो तो यकृतात किती दम शिल्लक आहे यावर. २९ देशांतल्या ७४५ यकृतरुग्णांच्या करोनाकाळातल्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. सिरोसिस म्हणजे यकृत वण पडून कडक होणं; ते नसलेल्यांपैकी शंभरात ८ जण दगावले, सिरोसिस असलेल्यांपैकी ३२. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम पाहून डॉक्टर सिरोसिसच्या ए, बी, सी अशा पायऱ्या ठरवतात. मृत्यूचं प्रमाण अनुक्रमे १९, ३५ आणि ५१ टक्के निघालं. हे आकडे लस येण्याआधीचे आणि बहुतांशी रुग्णालयात दाखल झालेल्यांचे आहेत, त्यामुळे ते आजच्या रुग्णाला जसेच्या तसे लावू नयेत. चढती भाजणी मात्र ध्यानात ठेवावी.

असं का होतं? आतड्यातून येणाऱ्या रक्तातले जंतू यकृत गाळून काढतं. सिरोसिसमध्ये ही गाळणी निकामी होत जाते. प्रतिकारशक्ती लुळी पडते आणि तरीही अंगात दाह धुमसत राहतो. त्यातच पोटात पाणी झालेलं असेल तर ते श्वासपटलाला वर रेटतं आणि फुफ्फुसाला फुलायला जागा उरत नाही. त्या नोंदींत दगावलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक श्वास निकामी होऊनच गेले.

पण इशारा दर वेळी खोकल्यातूनच मिळतो असं नाही. सिरोसिसच्या जवळपास निम्म्या रुग्णांचं यकृत करोनात आणखी ढासळलं, आणि त्यांतल्या साधारण पाचातल्या एकाला खोकला-दम काहीच नव्हतं. अशा माणसाचं पोट अचानक फुगलं, तो असंबद्ध बोलू लागला, दिवसभर झोपून राहिला, तर करोनाची तपासणीही करून घ्यावी. याउलट, धडधाकट माणसाचं करोनात यकृताच्या रक्ततपासणीतलं एसजीपीटी थोडं वाढलं तर घाबरू नये; बहुधा ते आपोआप उतरतं.

औषधं जपून घ्यावीत. सिरोसिसच्या रुग्णाला पॅरासिटामॉल चालतं, पण दिवसाला साधारण दोन ग्रॅमपर्यंतच, म्हणजे ६५०च्या तीनच गोळ्या. करोनात दिलेल्या स्टेरॉइडमुळे दबून राहिलेली हिपॅटायटिस बी उसळू शकते, म्हणून ती असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं. काढ्याचंही तसंच. २०२०च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तरी आजारी लिव्हरवर असला प्रयोग नकोच.

‘लिव्हर खराब, डाळ बंद’ हे पथ्यही सोडा. प्रथिनं कमी पडून स्नायू झिजले की दुखणं जड जातं. कोरेगावचा वाघ्या घेवडा तर प्रथिनांचाच साठा. पोटाला झेपेल तेवढा नीट शिजवून खावा. दारू मात्र पूर्ण बंद.

चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावं, आणि हिपॅटायटिसच्या किंवा प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत.