समाजमाध्यमांवरील लोकमत आणि संमुखविनय

लोकशाहीत लोकमताचे महत्त्व सर्वमान्य आहे. परंतु लोकमत कसे बनते, याचा विचार आपण क्वचितच करतो. अनेकांनी एकच गोष्ट एकाच वेळी उच्चारली, एवढ्याने लोकमत सिद्ध होत नाही. ऐकलेल्या गोष्टीचा तपास व्हावा लागतो आणि ज्याच्याविषयी बोलले जात आहे त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. या दोन क्रियांनंतर जे उरते, त्यालाच मत ही संज्ञा शोभते. मोबाईलवरील समाजमाध्यमांनी या दोन्ही क्रिया वगळून मत देण्याची सोय करून दिली आहे. तिचे परिणाम कोणते आणि विनयपिटकातील वादशमनाची रीत या बाबतीत काय शिकविते, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

वऱ्हाडात समोरासमोर बोलण्याची परंपरा जुनी आहे. याच अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा आपल्या कीर्तनात श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि उत्तरही त्यांच्याकडूनच काढून घेत. ऐकणाऱ्याला विचार करण्यास भाग पाडणारी ती रीत होती. तथापि गावाच्या पारावर आणि चावडीवर बसून बोलण्याचा अधिकार सर्वांना नव्हता, हे विसरून चालणार नाही. प्रस्थापित वृत्तपत्रांत अस्पृश्यांच्या दुःखाला जागा नव्हती, म्हणूनच बाबासाहेबांना ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू करावे लागले. ज्यांना वाणी नाकारली गेली होती, त्यांच्या हाती मोबाईलने वाणी दिली, ही गोष्ट आम्ही सामान्य मानीत नाही.

याचे उदाहरण विदर्भातच आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. प्रारंभी मोठ्या वृत्तपत्रांनी तिची पुरेशी दखल घेतली नाही. कार्यकर्ते गावी गेले, त्यांनी विचारपूस केली, अहवाल लिहिले. आणि ती माहिती मोबाईलवरील लघुसंदेशांनी व इंटरनेटने दूरवर पोहोचविली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात नागपूर, अमरावती आणि विदर्भातील अन्य गावी लोक रस्त्यावर उतरले. येथे तपास करणारी माणसे संदेशाच्या मागे उभी होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढील दहा वर्षांत परिस्थिती पालटली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट इतके स्वस्त झाले की खेड्यापाड्यांतील घराघरांत ते पोहोचले. संदेश पाठविण्यास खर्च राहिला नाही, आणि खर्चाबरोबर थांबून विचार करण्याचे एक कारणही गेले. शिवाय फेसबुकसारख्या माध्यमांत कोणती गोष्ट कोणाला आधी दिसावी, हे यंत्रातील गणित ठरविते. जिच्यावर माणसे अधिक व्यक्त होतील, ती गोष्ट वर येते. २०१७ पासून काही काळ फेसबुकच्या या गणितात साध्या पसंतीपेक्षा रागाच्या चिन्हाला पाचपट वजन होते, असे त्या कंपनीच्या २०२१ साली उघड झालेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून दिसून आले. म्हणजे संतापविणारे लेखन पुढे सरकविण्याची तजवीज यंत्रातच होती.

परंतु सारा दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार वार्तांचा अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खऱ्या वार्तेपेक्षा खोटी वार्ता पुढे पाठविली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी अधिक होती, आणि ती पसरविण्यात स्वयंचलित यंत्रणेपेक्षा माणसांचाच वाटा मोठा होता. व्हॉट्सॲपच्या गटांत तर वर सांगितलेले गणितही नसते. तेथे संदेश पुढे जातो, तो केवळ कोणाच्या तरी बोटाने. पाठविणारा म्हणतो, "मी काही लिहिले नाही, आले ते पाठविले." या एका वाक्याने तो स्वतःला बोलणाऱ्याच्या जबाबदारीतून मुक्त करून घेतो.

या मुक्ततेचे मोल इतरांनी चुकविले आहे. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर फिरत होत्या. त्यांच्यासोबत फिरणारी एक चित्रफीत तर कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जाहिरातीची होती. मूल परत आणून दिल्याचा शेवटचा भाग तेवढा कापलेला होता. त्या वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजारात आलेल्या पाच जणांना जमावाने संशयावरून पकडले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याकडचे होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठार मारण्यात आले. गावाने एकत्र बसून विचार करावा म्हणून बांधलेल्या वास्तूत हे घडले.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. त्या वेळी एका गटात २५६ सभासद असू शकत. म्हणजे मर्यादेनंतरही एकाच वेळी सुमारे १,२८० जणांपर्यंत पोहोचणे शक्य होते. एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेल्या संदेशासाठी ही मर्यादा एकवर आणली गेली. अशा उपायांनी वेग कमी होतो. पाठविणाऱ्याची वृत्ती मात्र बदलत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातील घटनांविषयी खऱ्या-खोट्या वार्ता एकमेकींत मिसळून फिरल्या, आणि त्या घटनांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा लोकांच्या दुकानांवर अमरावतीत दगड पडले. १३ मे २०२३ रोजी अकोल्यात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल होऊन एका माणसाचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. इंटरनेट बंद केले की अफवा थांबते, आणि तिचे खंडनही थांबते.

मग उपाय कोणता? महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे तथागतांनी चार महापदेश सांगितले आहेत. एखादा भिक्खू म्हणेल की हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. किंवा अमुक संघाकडून, अनेक बहुश्रुत थेरांकडून, अथवा एका थेराकडून ऐकले. अशा वेळी त्या वचनाचे लगेच अभिनंदन करू नये आणि लगेच तिरस्कारही करू नये. ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे, जुळले तर स्वीकारावे, न जुळल्यास सोडून द्यावे, असा त्याचा आशय आहे. स्वतः बुद्धांचे नाव सांगितले तरी तपास सुटत नाही. आज बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली त्यांनी कधीही न लिहिलेली वाक्ये छापून फिरविली जातात आणि आपले बांधव ती श्रद्धेने पुढे पाठवितात. महाराष्ट्र शासन १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध करीत आले आहे. खंड आणि पृष्ठ सांगता येत नसेल, तर ते वाक्य पुढे पाठवू नये, एवढा नियम आपण स्वतःस घालून घेऊ शकतो.

महापदेश हा वार्तेच्या तपासाचा नियम झाला. माणसाविषयी निर्णय करण्याचा नियम चुल्लवग्गात आढळतो. षड्वर्गीय भिक्खू गैरहजर भिक्खूंवर दंडकर्म करू लागले, तेव्हा भगवंतांनी ते निषिद्ध ठरविले आणि संमुखविनयाची स्थापना केली. अधिकरण मिटविण्याच्या सात उपायांपैकी हा पहिला होय. संघ, धम्म, विनय आणि संबंधित व्यक्ती या चारही गोष्टी समोर असल्या पाहिजेत, असे त्यात अभिप्रेत आहे. बहुमताने निर्णय करण्याची येभुय्यसिका ही रीतही त्या सातांत आहे. तिच्यात शलाका गोळा करणारा भिक्खू छंद, द्वेष, मोह आणि भय यांपासून मुक्त असावा लागतो. भिक्खुसंघास संसदीय कार्यपद्धती ठाऊक होती, ही गोष्ट बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आवर्जून सांगितली होती.

राईनपाड्यास ही कसोटी लावून पाहावी. पाच माणसे देहाने समोर होती. परंतु त्यांचे म्हणणे कोणी ऐकले नाही, कायदा समोर नव्हता आणि जमाव म्हणजे संघ नव्हे. व्हॉट्सॲपच्या एखाद्या गटात दुसऱ्या समाजावर निवाडा दिला जातो, तेव्हाही हेच घडते. एकाच विचाराची माणसे त्या गटात असतात, आरोपित अनुपस्थित असतो आणि सर्वांच्या होकाराला लोकमत समजले जाते. निवडणुकीत मतपेटीपर्यंत जाते ते हेच अर्धेकच्चे मत.

यात आणखी एक हानी आहे. वरूड-मोर्शी हा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहराची फळगळ, खोल जाणारे भूजल, बांगलादेशाने वाढविलेले संत्र्यावरील आयात शुल्क, हे येथील घरोघरचे प्रश्न आहेत आणि त्यांवर राज्यकर्त्यांना जाब विचारता येतो. परंतु असे प्रश्न संतापाच्या चिन्हांनी वर येत नाहीत. त्यांना आकडे लागतात, धीर लागतो आणि विरुद्ध मताच्या शेजाऱ्याशी बोलावे लागते. दूरच्या शत्रूविषयीचा संदेश ती जागा सहज बळकावतो.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे की पुढे पाठविणे हेही बोलणेच आहे, असे मानावे. मुसावादाचा आणि चुगलीचा दोष बोटाने केलेल्या कर्मासही लागतो. विहारात एकत्र जमल्यावर गावात फिरत असलेला एखादा वादग्रस्त संदेश मोठ्याने वाचावा, तो कोठून आला हे शोधावे, आणि ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्यापैकी कोणास तरी बोलावून विचारावे. तपास पूर्ण होईपर्यंत त्याचा स्वीकारही करू नये आणि धिक्कारही करू नये.