नव्या सत्राची शिदोरी

भोपाळच्या पूर्व अंगाला, भेलच्या वसाहतीपासून फार दूर नाही असे, अयोध्या नगर आहे. नावावरून कोणी घाट नि देवळे मनात आणील तर त्याची निराशा व्हायची. नोकरदारांची घरे, त्यांच्या वरच्या मजल्यांवर खोल्या घेऊन राहिलेली परगावची मुले, झेरॉक्सची दुकाने आणि त्यांतल्या निम्म्यांवर 'एमपी ऑनलाइन'ची पाटी, असा इथला देखावा. माझ्या मुलीचे बिऱ्हाड येथे असल्यामुळे पावसाळ्याचे दोन महिने मी येथे काढतो, आणि महाविद्यालये उघडण्याचे दिवसही नेमके तेच. जन्मभर शिकवण्याचा धंदा केलेल्या माणसाला जिन्यावरून जा-ये करणारी मुले दिसली की त्यांच्याशी बोलल्यावाचून राहवत नाही.

आपल्या गावच्या जुन्या घरांतून मला या दिवसांत एक विचारणा हटकून येते. "चिरंजीव भोपाळला शिकावयास येत आहेत. त्यांना मोबाईल द्यावा की कसे? आणि दिलाच, तर त्यात काय असावे?" यातल्या पहिल्या प्रश्नाला आता अर्थ उरलेला नाही. प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, शुल्क, प्रवेशपत्र, निकाल, सारे काही जाळ्यावर झाले आहे. मध्य प्रदेश शासनाने २००६ साली 'एमपी ऑनलाइन'चा उद्योग सुरू केला, तेव्हापासून कचेरीच्या खिडकीपुढली रांग हळूहळू ओसरत गेली. मुलाला मोबाईलपासून दूर ठेवणे म्हणजे आता त्याला विद्यापीठाच्या कचेरीपासूनच दूर ठेवणे. आणि अंतराचाही विचार करावा. बरकतुल्ला विद्यापीठ शहराच्या दक्षिणेला, नर्मदापुरम रस्त्यावर. राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठ विमानतळाच्या बाजूला. आणि आमचे अयोध्या नगर या टोकाला. एका सहीसाठी सबंध शहर ओलांडण्याची यातायात वाचली, यात वाईट काय?

(जाता जाता सांगतो. ज्यांच्या नावाने ते विद्यापीठ आहे ते मौलाना बरकतुल्ला भोपाळचेच. १९१५ साली राजा महेंद्रप्रताप यांनी काबूलमध्ये जे हंगामी सरकार स्थापिले, त्याचे ते पंतप्रधान होते. विद्यापीठ १९७० चे. हे नाव त्याला १९८८ मध्ये मिळाले. तेथे शिकणाऱ्या दहा मुलांना मी विचारले. एकालाच ठाऊक होते.)

राहिला दुसरा प्रश्न, काय असावे हा. येथे मात्र उत्तर सोपे नाही. कारण 'विद्यार्थ्यांस उपयुक्त' म्हणून ज्यांचा गाजावाजा होतो, त्या ॲप्सपैकी पुष्कळ अशी की ती विद्यार्थ्याचे काम स्वतः करून टाकतात आणि विद्यार्थी कोरडाच राहतो. मी एक कसोटी लावतो: हे साधन मुलाकडून काम करवून घेते, की मुलाचे काम आपणच करते? पहिल्या जातीचे असेल तर जवळ करावे. दुसऱ्या जातीचे केवळ कारकुनी कामापुरते ठेवावे.

कारकुनीपासूनच आरंभ करू, कारण ते थोडक्यात आटपण्यासारखे आहे. केंद्र सरकारचे 'डिजिलॉकर' २०१५ साली निघाले. त्यात गुणपत्रिका थेट मंडळाकडून वा विद्यापीठाकडून उतरवून घेतली तर ती मूळ कागदाच्या बरोबरीची मानावी, अशी तजवीज नियमांत २०१७ साली झाली. आपण स्वतः फोटो काढून त्यात चढवलेल्या कागदाला मात्र तो मान नाही, हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्याच्या जोडीला 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आहे. २०२१ पासून विद्यार्थ्याने मिळवलेली श्रेयांके बँकेतल्या ठेवीसारखी या खात्यात जमा होतात. त्याचा बारा आकडी 'अपार' क्रमांक आरंभीच काढून ठेवावा. शेवटल्या दिवशी एमपी ऑनलाइनच्या दुकानात काय झुंबड उडते ते पाहिलेल्यास अधिक सांगणे नको.

मोबाईलच्या दिनदर्शिकेत सत्राच्या पहिल्याच आठवड्यात चाचण्या, प्रात्यक्षिके, अर्जाच्या अखेरच्या तारखा लिहून काढाव्यात. तारीख मात्र विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावी. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात परीक्षा दर आठवड्याला एकदा पुढे जाते.

आता खऱ्या अभ्यासाकडे वळू. येथे जरा थांबावेसे वाटते.

आपल्या घरांतून पाठांतराची परंपरा आहे. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणणारी मुले आपण पाहिली. पावकी-निमकी डोळे मिटून म्हणून दाखवावी लागे. पुढे 'घोकंपट्टी' हा शब्द शिवीसारखा झाला आणि परंपरेतले गव्हाबरोबर खडेही गेले, खड्यांबरोबर गहूही. यातला गहू कोणता, ते मानसशास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने निरर्थक शब्दांच्या याद्या स्वतःच पाठ करून, विस्मरण कोणत्या वेगाने होते ते १८८५ साली प्रसिद्ध केले. आरंभी फार झपाट्याने, मग सावकाश. २००६ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे सरस ठरले: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडे फिरले: वाचणाऱ्यांच्या ध्यानात ४२ टक्के, आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात ५६.

हे आकडे मी मुलांना सांगतो तेव्हा ती चपापतात. कारण परीक्षेच्या आदल्या रात्री रंगीत पेनाने ओळी रंगवीत पुन्हा पुन्हा वाचणे, हाच बहुतेकांचा अभ्यास. वाचताना सारे ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटले म्हणजे आले, असा समज होतो. पुस्तक मिटून विचारले की उघडे पडते. आपला परवचा दुसरे काय करीत होता? पुस्तक मिटूनच म्हणवीत होता.

या कामाचे एक ॲप आहे, त्याचे नाव 'अँकी'. जपानी शब्द आहे, अर्थ, पाठांतर. डेमियन एल्म्स यांनी ते २००६ साली काढले. अँड्रॉइड मोबाईलवर फुकट मिळते. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, अशी चिठ्ठी आपण करावयाची. जी आठवली ती काही दिवसांनी पुढे येते, पुढल्या वेळी आणखी लांबून; जी विसरली ती लगेच परत. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये हीच युक्ती कप्पे पाडलेल्या खोक्याने करण्यास सांगितले होते. ज्याच्याकडे मोबाईल धड नसेल त्याने आजही बुटाच्या खोक्यात कप्पे करावेत. गुण तोच येईल. इतरांनी केलेल्या तयार चिठ्ठ्या मिळतात, पण त्या घेऊ नयेत असे माझे मत आहे. चिठ्ठी करता करताच निम्मे शिकणे होते.

आमच्या वरच्या खोलीत बैतूल जिल्ह्यातला एक मुलगा राहतो. घरी मराठी, शाळा हिंदी, आणि आता स्थापत्य अभियांत्रिकीची व्याख्याने इंग्रजीत. हुशार आहे, गणितात कोणाला ऐकणार नाही. परंतु मागल्या सत्रात दोन विषय राहिले, आणि ते इंग्रजीपायी राहिले. घरून पत्र यावे तसा दर रविवारी वडिलांचा फोन येतो आणि तो जिन्यात उभा राहून हलक्या आवाजात बोलतो. या सत्रात ते विषय निघाले नाहीत तर शेतीवर परत, असे ठरले आहे म्हणे. साधने-साधने म्हणून आपण बोलतो, ती अशा मुलाच्या उपयोगी पडली तर खरी.

त्याला प्रथम दाखवली ती 'एनपीटीईएल'ची व्याख्याने. आयआयटी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेने २००३ साली हा उपक्रम आरंभिला. आज तो 'स्वयम्'चा भाग आहे. बघणे फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. वर्गातले अध्यापक एकदा बोलून निघून जातात. हे दहा वेळा थांबवता येतात, खाली लिहून येणारी वाक्ये वाचता येतात. इंग्रजी कच्चे असणाऱ्याला याचे मोल मोठे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे, विद्यापीठाने मान्य केल्यास, सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पुरे करता येतात.

पुस्तकांसाठी खरगपूरच्या आयआयटीने चालवलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. २०१८ साली ते देशाला खुले झाले. शोधपत्रिकांची गोष्ट वेगळी. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना लागू झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये आणि सुमारे तेरा हजार नियतकालिके. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ती विनामूल्य. योजना मोठी, यात वाद नाही. पण ती सरकारी संस्थांपुरती. अयोध्या नगरातल्या खोल्यांतून राहणाऱ्या मुलांपैकी किती तरी जण रायसेन रस्त्याकडल्या खाजगी महाविद्यालयांत जातात; त्यांना हे दार बंद. ज्या बापाने शुल्कासाठी कर्ज काढले त्याच्याच मुलाला लेख विकत घ्यावा लागावा, हे मला पटत नाही. खाजगी महाविद्यालयांनाही योजनेत घ्यावे, ही मागणी पालकांनी करण्याजोगी आहे. तूर्त त्या मुलांना 'शोधगंगा' आहे. तेथे देशभरचे प्रबंध सर्वांना खुले आहेत. ज्यांना प्रकल्प लिहावयाचा आहे त्यांनी 'झोटेरो' घ्यावे. कोणता लेख कोठे वाचला याची टाचणे ते नीट लावून ठेवते. कारकुनी आहे, यंत्राने खुशाल करावी.

आणि आता ज्याविषयी घरोघर भीती आहे ते, बोलके यंत्र. 'चॅट-जीपीटी' ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांपुढे आले, आणि निबंध लिहून देणारा गडी मुलांना फुकटात मिळाला. हा गडी न ठाऊक असलेलेही ठाम आवाजात सांगतो. न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी त्याच्याकडून घेतलेले निवाडे न्यायालयात दाखल केले. तसले निवाडे कधी झालेच नव्हते, असे निघाले. जून २०२३ मध्ये त्यांना नि त्यांच्या पेढीला मिळून पाच हजार डॉलर दंड झाला. वकील फसतात तेथे पहिल्या वर्षाच्या पोराची काय कथा!

तथापि बंदी घालून भागणार नाही, आणि माझी कसोटी येथेही चालते. त्या यंत्राला उत्तर मागू नये; त्याला प्रश्न विचारावयास सांगावे. "हा धडा घे, माझी तोंडी परीक्षा घे, मी चुकलो तर लगेच उत्तर सांगू नकोस," असे सांगितले की ते तसे करते. हेच यंत्र आळशाला निबंध लिहून देते आणि कष्टाळूला रात्री अकरा वाजता तोंडी परीक्षक होते. बरोबर-चूक मात्र पुस्तकाशी ताडून पाहावे.

शेवटी भाषेचे सांगतो, कारण आपल्या घरांना ते जवळचे आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी टिकवण्याची आपली धडपड बहुधा गणेशोत्सव नि नाटक यांपाशी थांबते. शास्त्राची मराठी मुलांच्या कानी पडतच नाही. आता वाईच्या विश्वकोशाचे खंड जाळ्यावर आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला होता. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाने जाळ्यावर ठेवला आहे. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही मिळतात. हिंदीसाठी केंद्राच्या शब्दावली आयोगाचे कोश आहेत. याच भोपाळात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी वैद्यकीच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. पण समजण्याची भाषा आणि उत्तर लिहिण्याची भाषा निराळी असू शकते, हे ज्याने शिकवले आहे त्याला ठाऊक असते.

बैतूलच्या मुलाचे अडले होते ते 'स्ट्रेस' आणि 'स्ट्रेन' या दोन शब्दांत. घरच्या बोलीत दोहोंनाही ताणच. कोशात पाहिले: एक प्रतिबल, एक विकृती. पहिले म्हणजे बाहेरच्या भाराला पदार्थ आतून जे बल देतो ते, क्षेत्रफळाने भागलेले; दुसरे म्हणजे त्यामुळे त्याचा आकार मूळच्या मानाने किती बदलला ते. "म्हणजे आजोबा, एक सोसणं आणि एक वाकणं," तो म्हणाला. व्याख्येच्या काट्यावर ते तंतोतंत उतरणार नाही; पण मी त्याला तेच चिठ्ठीवर लिहावयास लावले. पुढल्या बाजूला इंग्रजी शब्द, मागल्या बाजूला हिंदी नि मराठी, आणि खाली परीक्षेत लिहावयाचे इंग्रजी वाक्य. रोज रात्री जेवणाआधी वीस चिठ्ठ्या, मोबाईल जिन्यातल्या खिडकीपाशी, कारण रेंज तेथेच येते. काल दोनशे दहा झाल्या. पहिली चाचणी पुढल्या सोमवारी आहे.