स्कीची लांबी: आठवणीतला आकडा सोडा

१९८०च्या दशकात गुलमर्गच्या उतारांवर स्कीइंग शिकलेली मंडळी आज पन्नाशी-साठीत आहेत. मुलं परदेशी स्थायिक झालेली असतात, त्यांच्याकडे ऐन हिवाळ्यात जाणं होतं आणि आल्प्स समोर दिसला की पुन्हा स्कीवर उभं राहावंसं वाटतं. दुकानात गेल्यावर मात्र पहिला धक्का बसतो. तेव्हा दोन मीटरची स्की वापरलेल्या माणसाच्या हातात दुकानदार १६५ सेंटिमीटरची जोडी देतो. दुकानदार चुकलेला नसतो, जुनी आठवण चुकवत असते. म्हणून हे गैरसमज आधी दूर केलेले बरे.

गैरसमज १: हात वर केला की मनगटापर्यंत पोचेल तीच आपली स्की.

वस्तुस्थिती: त्या काळी हा नियम बरोबर होता. तेव्हाच्या स्कीच्या कडा जवळपास सरळ असायच्या आणि वेगात स्थिर राहायचं तर लांबीचाच आधार असे. त्यामुळे १९५ ते २०५ सेंटिमीटरची स्की सर्रास वापरली जाई. १९९३मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने ‘एससीएक्स’ ही टोकाला आणि शेपटाला रुंद, कमरेत बारीक अशी स्की आणली आणि काही वर्षांतच सगळा बाजार त्या आकाराकडे वळला. अशी स्की कुशीवर कलवली की शरीराच्या भाराने वाकते आणि तिची कड बर्फात स्वतःच कमान आखते. वळायला पूर्वीसारखी ढकलाढकली करावी लागत नाही, आणि कमी लांबीतही पकड मिळते. आता स्की शेजारी उभी धरली की तिचं टोक हनुवटी आणि कपाळ यांच्या दरम्यान यावं. १७५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी ते साधारण १५५ ते १७० होतं.

गैरसमज २: आखूड स्की नवशिक्यांची.

वस्तुस्थिती: विश्वचषकाच्या स्लॅलम शर्यतीत पुरुषांच्या स्कीची किमान लांबी १६५ सेंटिमीटर आहे, स्त्रियांच्या स्कीची १५५. त्याच विश्वचषकात डाउनहिलसाठी मात्र पुरुषांना किमान २१८ची स्की लागते. पटापट छोटी वळणं घ्यायची तर आखूड स्की, भन्नाट वेगात स्थिर राहायचं तर लांब. पुनरागमन करणाऱ्याचा वेग सुरुवातीला बेताचाच असतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस हनुवटी ते नाक एवढी लांबी ठेवावी, पाय सरावले की पाच सेंटिमीटर वाढवावी.

गैरसमज ३: उंची सांगितली की लांबी ठरली.

वस्तुस्थिती: उंचीवरून फक्त अंदाज येतो. स्की वाकते ती वजनाने. १७० सेंटिमीटर उंचीच्या दोघांपैकी एकाचं वजन ५८ किलो आणि दुसऱ्याचं ८५ असेल, तर दुसऱ्याला थोडी लांब किंवा अधिक ताठ स्की हवी. त्यामुळे दुकानात आजचं वजन सांगा, कॉलेजातलं नको.

गैरसमज ४: एकदा आकडा कळला की कुठलीही स्की त्याच मापाची घ्यावी.

वस्तुस्थिती: दोन्ही स्कींचे तळवे एकमेकींना लावून मधोमध दाबून धरा आणि कडेने पाहा. काही जोड्या टोकाच्या अगदी जवळ जाऊन विलग होतात, काहींमध्ये खूप आधीच फट पडते. फट लवकर पडणाऱ्या प्रकाराला ‘रॉकर’ म्हणतात. तिची कमी कड बर्फाला टेकते, म्हणून ती पाच-दहा सेंटिमीटर लांब घेतली तरी जड जात नाही. स्कीवर छापलेले आकडेही वाचा. १२२-७६-१०४ म्हणजे टोक, कंबर आणि शेपूट यांची मिलिमीटरमधली रुंदी. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर ७० ते ८५ची कंबर सोयीची. गुलमर्गच्या गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून, म्हणजे अफरवतच्या जवळजवळ ४,००० मीटर उंचीवरून, खोल भुसभुशीत बर्फात उतरायचं असेल तर १०० किंवा त्याहून रुंद आणि थोडी लांब स्की हवी. पण परतल्या परतल्या तिकडे जाऊ नये.

गैरसमज ५: लांबी जमली तर माळ्यावरचे जुने बूट आणि बाइंडिंग चालतील.

वस्तुस्थिती: ही चूक सगळ्यांत महागात पडते. बुटाचं प्लास्टिक वर्षानुवर्षांनी ठिसूळ होतं आणि उतारावरच तडकू शकतं. पडल्यावर बूट सोडणं हे बाइंडिंगचं काम. त्याचा ताण वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून ठरवतात. पन्नाशीनंतर तो सहसा एक पायरी कमी ठेवतात. जास्त घट्ट राहिलं तर पडताना सगळा पिळा पायावर येतो, फार सैल झालं तर ऐन वळणात बूट सुटतो. वय लपवू नका, कौशल्य फुगवू नका आणि ताण प्रशिक्षित माणसाकडूनच लावून घ्या.

पहिल्या सकाळी सौम्य उतारावर दहा वळणं घ्या. वळण उशिरा सुरू होत असेल, शेपूट ओढल्यासारखं वाटत असेल, तर पाच सेंटिमीटर आखूड जोडी मागा. वेगात टोकं फडफडत असतील तर पाच लांब. भाड्याच्या दुकानात जोडी सहसा बदलून मिळते, म्हणून पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका. तेव्हा शिकलेली एक गोष्ट मात्र अजूनही तशीच चालते: वळताना भार बाहेरच्या पायावर आणि नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली. तेवढं पायांना आठवलं की १६५ची स्कीही तोकडी वाटत नाही.