धर्माच्या विषयात एम.ए. करायचंय? मग आधी एवढं समजून घ्या

बी.ए. झालं, पुढं काय? हा प्रश्न दर उन्हाळ्यात गावोगाव निघतो. घरात वारी आहे, विहारात जाणं-येणं आहे, प्रवचनाची गोडी आहे, अशी काही मुलं-मुली मग विचारतात, की याच विषयात पुढचं शिक्षण घेता येतं का? येतं. पण हा अभ्यास नेमका काय, कुठं होतो आणि शेवटी हाताला काय लागतं, हे न कळता फी भरली की दोन वर्षं हकनाक जातात. कीर्तनकार व्हायचंय तो विद्यापीठात जाऊन कंटाळतो, आणि प्राध्यापक व्हायचंय ती नुसतं प्रमाणपत्र घेऊन घरी येते.

वाटा तीन, मुक्काम वेगळे

पहिली वाट परंपरेची. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी 1917 मध्ये सुरू केली. तिथं चार वर्षांत ज्ञानेश्वरी, गाथा, गीता शिकून मुलगा कीर्तन-प्रवचनाला उभा राहतो. वेदपाठशाळाही याच वाटेवरची. इथं गुरू आहे, शिस्त आहे, समाजात मान आहे. पण ही विद्यापीठाची पदवी नव्हे.

दुसरी वाट थिऑलॉजीची, म्हणजे ईश्वरशास्त्राची. इथं शिकणारा आणि शिकवणारा दोघंही सहसा त्याच धर्माचे असतात आणि श्रद्धा धरूनच अभ्यास होतो. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात थिऑलॉजीची वेगळी विद्याशाखा असून तिच्यात सुन्नी आणि शिया असे दोन विभाग आहेत. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात कॅथलिक धर्मगुरू होणारे शिकतात. पुण्यातलीच युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती संस्था तर 1983 पर्यंत आपल्या यवतमाळला होती.

तिसरी वाट विद्यापीठातल्या धर्माभ्यासाची. इथं कोणत्याही जातीधर्माचा विद्यार्थी कोणत्याही धर्माचा अभ्यास करतो. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात यासाठी 1967 पासून स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत. संस्कृत, प्राकृत आणि तत्त्वज्ञानाच्या विभागांतही धर्मग्रंथांचा अभ्यास होतो. रामटेकला तर कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठच आहे.

सरकारी पैशात धर्म कसा शिकवतात?

अनेकांना हा प्रश्न पडतो. राज्यघटनेचं कलम 28 सांगतं, की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. म्हणजे अमुक देव माना, अमुक विधी करा, असं तिथं शिकवायचं नाही. पण धर्माविषयी माहिती देणं, त्याचा इतिहास आणि तत्त्वज्ञान अभ्यासणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयानं 2002 च्या निकालात हा फरक मान्य केला. म्हणून विद्यापीठात पूजा सांगत नाहीत. ती पूजा कधी सुरू झाली, ग्रंथात काय लिहिलंय आणि लोक प्रत्यक्षात काय करतात, हे शिकवतात.

वर्गात काय असतं?

आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. ज्ञानेश्वरी झाली शके 1212 मध्ये. पुढं तीनशे वर्षं हातानं नकला होत गेल्या आणि मूळ ओव्यांत फेरफार शिरले. संत एकनाथांनी शके 1506, म्हणजे 1584 मध्ये ती शोधून शुद्ध प्रत तयार केली. जुन्या प्रती समोर ठेवायच्या, शब्द ताडून पाहायचे, मूळचं कोणतं आणि मागाहून घातलेलं कोणतं हे ठरवायचं, हे काम आजही विद्यापीठात शिकवतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशाच पद्धतीनं केली. ती 1966 मध्ये पूर्ण झाली.

त्यामुळं पहिला घाम भाषेसाठी गाळावा लागतो. बौद्ध धर्म शिकायचा तर पाली, जैन आगम वाचायचे तर प्राकृत, उपनिषदांसाठी संस्कृत. भाषांतरावर भागत नाही. पाली आणि प्राकृतला मराठीबरोबरच ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळालाय.

मग श्रद्धा जाते का?

घरच्यांची खरी भीती हीच असते. परीक्षेत श्रद्धेला मार्क नाहीत, पुराव्याला आहेत, हे खरं. आपल्या संतांची तारीख, एखाद्या कथेचा उगम यावर वर्गात उलटसुलट चर्चा होते आणि ती ऐकायची तयारी लागते. पण त्यानं श्रद्धा संपतेच असं नाही. गोव्यातल्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी (1876-1947) बुद्धाच्या ओढीनं घर सोडून निघाले, श्रीलंकेत जाऊन पाली शिकले, पुढं फर्ग्युसन कॉलेजात शिकवलं आणि अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातही काम केलं. त्यांच्या बाबतीत ओढ आणि चिकित्सा दोन्ही एकत्र नांदल्या.

पोटापाण्याचं काय?

स्पष्टच बोलायचं तर थेट नोकऱ्या थोड्या आहेत. प्राध्यापक व्हायला एम.ए. नंतर नेट किंवा सेट लागते. नेटला पाली, प्राकृत, संस्कृत, धर्मांचा तुलनात्मक अभ्यास, हिंदू अध्ययन असे विषय आहेत. नेटमधून जेआरएफ मिळाली तर संशोधनासाठी सुरुवातीची दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात. मात्र कॉलेजात जागा मोजक्याच निघतात.

सैन्यात धर्मशिक्षकाची भरती होते, ती ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरची जागा असते. तिथं पदवीबरोबर त्या त्या धर्माची वेगळी पात्रता मागतात, नुसतं एम.ए. पुरत नाही. पाली घेऊन यूपीएससी देऊ, असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा. 2013 पासून पाली हा त्या परीक्षेचा वैकल्पिक विषय राहिलेला नाही. भाषांतर, ग्रंथसंपादन, संग्रहालयं, अजिंठा-वेरूळसारख्या ठिकाणी मार्गदर्शक, ही कामं आहेत. पण ती स्वतः शोधावी लागतात.

पैसे भरण्याआधी

पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्यानं मान्य विद्यापीठाला असतो. बोर्डावर 'विद्यापीठ' किंवा 'पीठ' लिहिलं म्हणून पदवी खरी ठरत नाही. यूजीसीच्या वेबसाइटवर मान्य विद्यापीठांची आणि बनावट विद्यापीठांचीही यादी मोबाइलवर उघडते. घरबसल्या शिकायचं असेल तर त्या कोर्सला दूरशिक्षणाची परवानगी आहे का, तेही तिथंच पाहावं. चार पैसे घेऊन 'डॉक्टर' पदवी देणाऱ्यांच्या नादी लागू नये. ती नेमप्लेटवर शोभते, नोकरीच्या अर्जात चालत नाही.

आणि शक्य असेल तर अर्जाआधी एक दिवस त्या विभागात जाऊन यावं. मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागावी, शिकणाऱ्या दोघा-तिघांशी बोलावं, मागच्या बॅचची पोरं कुठं लागली ते विचारावं. एसटीच्या तिकिटात दोन वर्षांचा निर्णय पारखून होतो.